रोजचा भूकंप

आमच्या लोहारा तालुक्यात कोणत्याही घरी जा, बोलणे केव्हातरी भूकंपापाशी येऊन थांबते. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे त्यांच्या अंगावर कोसळली. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली.

आता दुसरा आकडा पाहा. २०२२ या एका वर्षात एकट्या महाराष्ट्रात रस्त्यावरील अपघातांत पंधरा हजारांहून अधिक माणसे दगावली. साऱ्या देशात १,६८,४९१. म्हणजे त्या वर्षी आपल्या राज्याच्या रस्त्यांवर दर सहा-सात महिन्यांनी एक किल्लारी घडली. पण धरणी हलल्यावर सारे जग धावून आले होते. या भूकंपाची मात्र वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत बोळवण होते.

मित्रहो, हे लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, हा प्रश्नच आहे. गेल्या हिवाळ्यात एसटी चुकली म्हणून आम्ही तिघे एकाच मोटारसायकलवर संध्याकाळी गावी निघालो. हेल्मेट एकाकडेही नव्हते. उसाचा हंगाम चालू होता. वळणावर उसाने भरलेली ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे ना दिवा, ना चकाकणारी पट्टी. वीतभर अंतराने आम्ही वाचलो. घरी मी हे अजून सांगितलेले नाही.

ट्रॉलीवाल्याची चूक होतीच, पण आमची? ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. ब्रेक दाबावा हे मनात येईपर्यंतच एवढे अंतर संपते. वेग दुप्पट केला, की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. दिव्याचा उजेड जिथवर पोचतो, त्याच्या आत गाडी थांबवता येत नसेल, तर तो चालक डोळे मिटूनच गाडी हाकतो आहे, असे म्हणावे लागेल.

कोणी म्हणेल, रस्तेच खराब आहेत. खरे आहे, त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण खड्डा दिसल्यावर आपण गाडी हळू करतो आणि चौपदरी महामार्ग लागला की भान हरपते. २०२२ सालच्या देशातील अपघाती मृत्यूंपैकी सुमारे सत्तर टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले. त्यांचा दोष केवळ खड्ड्यांच्या माथी कसा मारता येईल?

भूकंपानंतर आपण शहाणे झालो. जड माळवदे गेली, धक्का सोसणारी घरे आली. मग रस्त्यावर तेवढे शहाणपण का नको? हंगाम सुरू होताच राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी ट्रॉल्यांना चकाकत्या पट्ट्या लावाव्यात. कोजागरीला तुळजापूरची वाट चालणाऱ्या भाविकांसाठी रात्री रस्त्यावर उभे राहावे. आणि महाविद्यालयाच्या फाटकातून तिघांची स्वारी आत येऊ नये, हे आपले आपणच ठरवावे.

माझी आजी म्हणते, "धरणी हालली तवा आमच्या हातात काय नव्हतं, लेकरा." आपल्या हातात मात्र गाडीचा ब्रेक आहे. पुढे कोणाच्या आजीला आपण काय सांगणार?