विश्लेषण : होइस्ट एक टनाचा, पण छत किती टनांचे?

भोसरी असो, सातपूर असो की कोल्हापूरचे उद्यमनगर. छोट्या गाळ्यात लेथ हलवायचा म्हटले की पहारी, पाइपचे तुकडे आणि शेजारच्या गाळ्यातली चार माणसे, एवढ्यावर काम भागत असे. दार रुंद असेल तर हायड्रा. आता विजेवरचा छोटा होइस्ट आला आहे. तो ऑनलाइन मागवता येतो, सिंगल फेजवर चालतो आणि बटण दाबले की वजन वर जाते. कामगारांची कंबर आणि बोटे वाचवणाऱ्या या यंत्राचे स्वागतच करायला हवे. पण तो टांगायचा कशाला, हा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही.

छताचा भरवसा किती?

पत्र्याच्या शेडमधली लोखंडी कैची पत्र्याचे वजन आणि वाऱ्याचा जोर पेलण्यासाठी बांधलेली असते. तिच्यावर एकाच जागी टनभर वजन टांगायचे, हा हिशेब साध्या शेडच्या आराखड्यात धरलेला नसतो. त्यात भर होइस्टच्या स्वतःच्या वजनाची आणि उचलताना बसणाऱ्या हिसक्याची. खोक्यावर लिहिलेली क्षमता होइस्टची असते, कैचीची नाही. म्हणून एक तर स्वतःच्या खांबांवर उभा असलेला वेगळा बीम हवा, तोही स्ट्रक्चरल इंजिनीअरने हिशेब करून दिलेला. नाहीतर चाकांची गँट्री. फॅब्रिकेटर ‘काही होत नाही, शेठ’ म्हणतो तेव्हा त्याच्याकडे कागदावरचा हिशेब मागावा.

खोक्यावर दोन आकडे का?

छोट्या होइस्टवर बऱ्याचदा 250/500 किलो असे दोन आकडे असतात. मोठा आकडा खरा ठरतो तो सोबतची फिरती पुली लावून दोर दुहेरी केल्यावरच. तेव्हा वेग आणि उचलण्याची उंची निम्मी होते. हे न वाचता एकेरी दोरावर 500 किलो टांगणे म्हणजे सरळ दुप्पट भार. याच पट्टीवर बारीक अक्षरात ‘एस-3, 20 टक्के, 10 मिनिटे’ असे काहीतरी असते. त्याचा अर्थ दहा मिनिटांत मोटर दोनच मिनिटे चालवायची.

पट्टा कसा बांधायचा?

खरी गफलत इथे होते. समजा, यंत्र एक टनाचे आहे आणि ते दोन पट्ट्यांनी एका हुकाला अडकवले आहे. पट्टे उभे असतील तर प्रत्येकावर 500 किलो. ते आडव्या रेषेशी 60 अंशांत असतील तर सुमारे 580, 45 अंशांत सुमारे 710 आणि 30 अंशांत चक्क 1000 किलो. यंत्र तेच, वजन तेच; पण उंची कमी पडते म्हणून पट्टे ताणून पसरट बांधले की प्रत्येक पट्ट्यावर अख्ख्या यंत्राचा भार येतो. बुटक्या गाळ्यात हे हमखास घडते.

लेथचे वजन हेडस्टॉककडे जास्त असते. म्हणून कॅरेज आणि टेलस्टॉक दुसऱ्या टोकाला सरकवून घट्ट करायचे, पट्टा बेडखालून घ्यायचा आणि लीडस्क्रूवर दाब येऊ नये म्हणून लाकडी ठोकळे द्यायचे. धारदार कडेवर जाड गोणपाट किंवा रबर हवेच. आधी इंचभर उचलून थांबायचे. यंत्र कलले तर खाली टेकवून पुन्हा बांधायचे, कललेल्या बाजूवर माणूस बसवून तोल साधायचा नाही. हसू नका, हेही केले जाते. तिरका ओढा दिला तर ड्रमवर दोर एकावर एक चढतो, म्हणून होइस्ट वजनाच्या बरोबर वरच हवा.

मधेच वीज गेली तर?

चांगल्या होइस्टचा ब्रेक वीज जाताच स्प्रिंगने आपोआप लागतो. वजन पडत नाही, लटकत राहते. धोका त्यानंतर सुरू होतो. ‘बघू काय झालं’ म्हणत माणसे त्याच्याखाली वाकतात. यंत्र जमिनीपासून जेमतेम सुटेल एवढेच उचलले तर ही वेळ येत नाही.

कायदा कुणापर्यंत पोहोचतो?

1948च्या कारखाने अधिनियमातील कलम 29ने उचलण्याची यंत्रे, साखळ्या व दोर यांची निदान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी, सुरक्षित भाराचा ठळक आकडा आणि नोंदवही सक्तीची केली. मात्र विजेवर चालणारी जागा ‘कारखाना’ ठरायला मूळ कायद्यात दहा कामगार लागत. 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही संख्या वीस आहे. पाच-सहा जणांचा गाळा दोन्हींच्या बाहेर राहतो आणि पहारीने यंत्रे हलतात ती याच गाळ्यांत.

अशा मालकाने वर्षा-दोन वर्षांतून एकदा लेथ हलवण्यासाठी स्वतंत्र बीम उभारावा, ही अपेक्षा व्यवहारी नाही. त्यापेक्षा प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या उद्योजक संघटनेने एक तपासलेली गँट्री, होइस्ट, भाराचा आकडा छापलेले पट्टे आणि ते बांधता येणारा एक प्रशिक्षित माणूस भाड्याने उपलब्ध करून द्यावा. वार्षिक तपासणीचा खर्च मग शंभर गाळ्यांत वाटला जाईल. संघटनांच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय यायला हरकत नाही.