खडी काढल्यावर खड्ड्याचे काय?

मंडळी, गेल्या दिवाळीत या सदरात समुद्राचे पाणी गोडे कसे करतात ते लिहिले होते. यंदा विषय दारातलाच आहे. अल क्वोजच्या औद्योगिक भागात सकाळी रेडीमिक्सचे ट्रक आणि खडीचे डंपर भेटतातच. सभोवती वाळवंट असताना वाळू-खडी लांबून कशाला आणायची, असे इथे वाढलेली मुले विचारतात. वाऱ्याने घासून गोल झालेली बारीक वाळू काँक्रीटमध्ये नीट पकड घेत नाही. खडीला तर डोंगरच लागतो. ती हजर पर्वतातून, रास अल खैमा आणि फुजैराकडून येते. मग तिथल्या खड्ड्याचे काय, हा पुढचा प्रश्न मात्र मोठी माणसेही विचारत नाहीत.

पुण्याजवळच्या वाघोलीकडच्या दगडखाणी अनेकांनी पाहिल्या असतील. पावसात त्या भरतात. पण कडे ताठ उभे, काठाला उतार नाही; गवत रुजणार कुठे आणि बगळा उभा राहणार कुठे? पाणी साठले म्हणून पाणथळ होत नाही.

इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरला ग्रेट ऊज नदीकाठी नीडिंगवर्थची वाळू-खडीची खाण आहे. हॅन्सन कंपनी आणि पक्षी-संरक्षणाची आरएसपीबी ही संस्था यांनी तिथे सुमारे तीस वर्षांचा आराखडा आखला: २ कोटी ८० लाख टन माल निघेल आणि मागे ७०० हेक्टरचा पाणथळ प्रदेश राहील, त्यातले ४६० हेक्टर बोरूसारख्या उंच गवताचे. खाण पुढे सरकते तसा मागचा तुकडा उथळ करून, बांध घालून, पाणी कमी-जास्त करण्याची सोय करून संस्थेकडे जातो. मग स्वयंसेवक हाताने रोपे लावतात. लाजाळू बिटर्न, आपल्या बगळ्याचा भाऊबंद, तिथे राहायला आला आहे. मला यातले मोलाचे वाटते ते हे, की उतार आणि पाण्याची पातळी खोदण्याआधी कागदावर ठरली होती. रोपे शेवटी आली.

आपल्याकडे गाडी रोपांच्या आकड्यापासून सुटते. अमिरातीने २०३० पर्यंत १० कोटी खारफुटी लावण्याचे ठरवले आहे, संकल्प चांगलाच. पण इथली एकमेव खारफुटी, आपली तिवर, जागेबाबत हट्टी. फार खाली लावली तर बुडून गुदमरते, फार वर लावली तर भरतीचे पाणी पोचत नाही. उलट अबुधाबीजवळच्या अल वथबाला प्रक्रिया केलेले सांडपाणी सखल जागी साचत गेले आणि फ्लेमिंगो आपणहून आले. १९९८ मध्ये तिथे त्यांची पिल्लेही झाली, २०१३ मध्ये ते रामसर स्थळ ठरले.

आपल्यापैकी कित्येकांनी उलवे-पनवेलला फ्लॅट घेतले आहेत. तिथे विमानतळासाठी टेकडी सुरुंगांनी उडवली, उलवे नदी वळवली, खारफुटी तोडली. नोव्हेंबर २०१० च्या पर्यावरण मंजुरीत भरपाईच्या खारफुटीची अट आहे. सुट्टीत गेलात तर किती रोपे लावली हे विचारण्याआधी तिथे भरतीचे पाणी येते का, ते पाहा.

आणि मुलांना आधी रास अल खोरला न्या. अल क्वोजहून ते जवळच आहे, तिथलीही बरीच तिवर लावलेलीच आहे. थंडीत, ओहोटीची वेळ बघून, दुर्बीण घेऊन. फ्लेमिंगो दिसतीलच, त्यांचे पाय किती पाण्यात आहेत, तेही मुलांना मोजायला सांगा.