ट्रॅक्टर हलका करायचाय? आधी काट्यावर न्या, मग कटर काढा



परवा पिंपळगावच्या रस्त्याला एका गॅरेजपुढं बागेतला छोटा ट्रॅक्टर उभा दिसला. पुढच्या लोखंडी प्लेटा काढलेल्या, मडगार्ड अर्धे उडवलेले आणि रोल बार बुडापासून कापायचं काम चालू. मालक ओळखीचे. म्हणाले, "हलका करतोय भाऊ. डाऊनीच्या टायमाला बागेत रुततो, आणि हा बार मांडवाच्या तारेत अडकतो."

त्यांचं दुखणं खोटं नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की वापसा यायची वाट बघायला वेळ नसतो. घड वाचवायचा तर चिखलात का होईना, फवारणी काढावीच लागते. आणि द्राक्षबागेत चाक फिरायला जागा एकच. दोन ओळींमधल्या त्याच दोन पट्ट्यांवर वर्षभर येणं-जाणं. माती दबते, पाणी मुरत नाही, पांढरी मुळी त्या पट्ट्यात चालत नाही. म्हणून वजन कमी करायला पाहिजे, हे मला शंभर टक्के मान्य आहे. माझं भांडण वजन कुठलं कमी करायचं याच्याशी आहे.

तीन वर्षांपूर्वी हाच उद्योग मी घरी केला होता. पुढच्या प्लेटा काढून ठेवल्या. २०० लिटरचा मागं जोडायचा ब्लोअर टाकी भरून जोडला आणि बागेतून बांधावर चढवायला गेलो. पुढची दोन्ही चाकं हातभर उचलली. स्टेअरिंग फिरवतोय तर काही होईना. क्लच दाबला गेला म्हणून ट्रॅक्टर परत खाली बसला. नाना बांधावरच उभे होते. ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "हलकं करायला सांगितलं होतं, उताणं करायला नाही."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेला. हे काम प्रत्येकानं एकदा करावं, खर्च चहापाण्याएवढा आहे. आधी पूर्ण ट्रॅक्टरचं वजन घ्यायचं. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून पुढच्या ॲक्सलचं घ्यायचं. मग मागं अवजार जोडून, उचलून, पुन्हा पुढच्या ॲक्सलचं.

माझे आकडे असे आले. प्लेटा आणि मागच्या टायरात पाणी धरून ट्रॅक्टर १,०५० किलो. भरलेला ब्लोअर उचलल्यावर पुढच्या ॲक्सलवर राहिले २२० किलो. ६० किलोच्या प्लेटा काढल्या तर १४०. नियम असा आहे की अवजार उचललेलं असताना ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर पाहिजे, नाहीतर स्टेअरिंग भरवशाचं राहत नाही. म्हणजे मला साधारण २०० ते २१० किलो पाहिजे होते. प्लेटा असताना जेमतेम पास, प्लेटा काढल्यावर सरळ नापास. ६० किलोच्या प्लेटा काढून पुढचे ८० किलो का गेले? कारण प्लेटा ॲक्सलच्या पुढं टांगलेल्या असतात, तराजूच्या दांडीसारखं काम करतात.

आता कुठलं वजन निघू शकतं ते सांगतो.

पहिलं, मागच्या टायरातलं पाणी. नांगरट आणि रोटाव्हेटरला पकड मिळावी म्हणून आपण पाणी भरतो आणि मग बारा महिने ते बागेत फिरवतो. माझ्याकडं दोन टायरांत मिळून ११० किलोच्या आसपास होतं. हे वजन मागच्या ॲक्सलवरच असतं, त्यामुळं काढलं तरी पुढच्या चाकाचा भार कमी होत नाही. पंक्चरवाल्याकडं जॅक लावून काढून घ्या. उन्हाळ्यात ओढायचं काम असेल तेव्हा चाकाला बोल्टनं बसणारी वजनं लावा आणि काम झालं की उतरवा. एक लक्षात ठेवा, टायरातलं पाणी खाली असल्यामुळं ट्रॅक्टरला आडवं पडू देत नाही. जमीन आडव्या उताराची असेल तर हे पाणी राहू द्या.

दुसरं, टाकी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आपल्याकडं ६०० लिटरचे ओढायचे ब्लोअर सर्रास आहेत. ओल असताना अर्धी टाकी घेऊन गेलात तर ३०० किलो त्याच मिनिटाला कमी झाले. रोल बार कापून किती वाचतात? माझ्या ट्रॅक्टरचा बार ३५ किलोचा आहे. त्यापायी जीव टांगणीला लावायचा का, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा. फेऱ्या वाढतील, मान्य. पण बागेच्या कडेला पाण्याची दुसरी टाकी ठेवली तर तो वेळ बराच वाचतो. टाकीत आडवे पडदे नसतील तर अर्ध्या टाकीतलं पाणी हेलकावतं, वळताना दमानं घ्या.

तिसरं, हवा. मातीच्या वरच्या थरावर पडणारा दाब टायरातल्या हवेच्या दाबाच्या जवळपास जातो. रस्त्यावर ट्रॉली ओढायला भरलेली टाईट हवा घेऊन आपण ओल्या बागेत शिरतो, मग दोष ट्रॅक्टरच्या वजनाला. टायर कंपनीच्या तक्त्यात तुमच्या भाराला किमान किती हवा चालते ते बघा आणि बागेत तेवढीच ठेवा. त्याच्या खाली जाऊ नका, टायरची बाजू चिरते. पाणी भरलेल्या टायरात पाण्याचा वेगळा गेज लागतो, साधा गेज खराब होतो.

चौथं, आपणच वेल्डिंग करून लावलेलं शोभेचं लोखंड. जाडजूड बंपर, अँगलचं छत, टूलबॉक्स, टेपची पेटी. हे खुशाल काढा. फक्त पुढचा बंपर काढला की परत काट्यावर जा.

आणि हात लावायचा नाही अशा गोष्टी: रोल बार, मडगार्ड, पीटीओचं कव्हर. कव्हर दोन-तीन किलोचं असतं. उपरणं किंवा साडीचा पदर शाफ्टमध्ये गेला तर सोडवायला वेळ मिळत नाही. रोल बार तारेला अडकत असेल तर घडीचा बार मिळतो. बागेत घडी, बाहेर आलं की उभा. घडी करून बांधावर चढायचं नाही. उभा असताना सीट बेल्ट लावायचा.

ऑस्ट्रेलियात शेतावर चार चाकी एटीव्ही चालतात, आपल्या ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी हलक्या. त्या उलटून माणसं मरतात म्हणून ऑक्टोबर २०२१ पासून तिथं विकल्या जाणाऱ्या नव्या शेतीच्या एटीव्हीला मागं संरक्षक कमान सक्तीची केली. गाडी हलकी असूनही त्यांनी हे वजन वाढवून घेतलं. आपण मात्र घरच्या कटरनं तेच कापतोय.

शेवटचं, कृषी सहायक आणि सल्लागार मंडळींसाठी. फवारणीचं शेड्यूल देताना औषध आणि डोस लिहिता, तसं "ओल असेल तर अर्धी टाकी" एवढे पाच शब्द लिहा. मातीचा सगळ्यात मोठा दाब पहिल्या ओल्या फेरीतच बसतो, नंतर सबसॉयलर घालून तो पूर्ण निघत नाही.

वापसा आला की एक साधी सळई घ्या. चाकाच्या पट्ट्यात दाबा, मग ओळीजवळ दाबा. हाताला फरक कळेल. आणि काट्याची पावती मिळाली की पुढच्या ॲक्सलचा आकडा इथं टाका. बघू आपल्यातले किती ट्रॅक्टर पास होतात.