मैदानाची सीमा आणि शाळेची सीमा : पेनसिल्व्हेनियातील एक वाद

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात गेली अनेक वर्षे एक वाद धुमसत आहे. वरवर पाहता तो मुलांच्या खेळाचा आहे. परंतु त्यात कॅथलिक शाळांचे नाव वारंवार घेतले जात असल्यामुळे आपल्या वाचकांनी तो नीट समजून घ्यावा असे आम्हांस वाटते. राज्य अजिंक्यपदासाठी सरकारी आणि खाजगी हायस्कुलांनी एकाच स्पर्धेत उतरावे, की दोघांच्या अंतिम स्पर्धा वेगवेगळ्या असाव्यात, हा तो प्रश्न. स्वतंत्र स्पर्धांची मुभा देणारी विधेयके राज्याच्या प्रतिनिधिगृहात पुनःपुन्हा मांडली गेली आहेत आणि स्कॉट कॉन्क्लिन या लोकप्रतिनिधींनी त्यात पुढाकार घेतला आहे. चर्चेत शब्द ‘खाजगी शाळा’ असा असला, तरी बोट बहुतेक वेळा कोणाकडे असते हे तेथे सर्वांना ठाऊक आहे.

या वादाच्या केंद्रस्थानी असलेले फिलाडेल्फिया शहर आपल्याला अगदीच परके नाही. पोप चौदावे लिओ ज्या व्हिलानोव्हा विद्यापीठात शिकले ते याच शहराच्या वेशीवर आहे. संत जॉन न्यूमन १८५२ ते १८६० या काळात येथील बिशप होते आणि विखुरलेल्या धर्मग्राम-शाळांना एका धर्मप्रांतीय व्यवस्थेत गुंफण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. पुढे १८९० साली येथे धर्मप्रांताचे विनाशुल्क हायस्कूल उभे राहिले. अमेरिकेतील त्या प्रकारचे ते पहिलेच. अशा शाळांमधून १९२० साली फिलाडेल्फिया कॅथलिक लीग जन्मास आली. तिचे सामने तिचेच, अजिंक्यपद तिचेच आणि नियमही तिचेच. शहरातील सरकारी शाळांची लीग वेगळी. दोन्ही विजेत्यांची वर्षाअखेरीस शहराच्या विजेतेपदासाठी गाठ पडे, आणि तो दिवस शहराचा सण असे. बास्केटबॉलचा पुढे जगप्रसिद्ध झालेला विल्ट चेंबरलेन ओव्हरब्रूक या सरकारी हायस्कूलचा. १९५३ साली त्याच्या संघाला याच सामन्यात वेस्ट कॅथलिक हायस्कूलने हरवले होते, ही आठवण तेथील जुनी मंडळी अजूनही सांगतात.

राज्याची क्रीडासंघटना मात्र निराळी. पेनसिल्व्हेनिया इंटरस्कोलास्टिक ॲथलेटिक असोसिएशन, संक्षेपाने पीआयएए, ही १९१३ साली शाळांच्या मुख्याध्यापकांनी स्थापन केली. ती सरकारी खाते नव्हे, शाळांची संघटना आहे. तिचे बारा विभाग आहेत. एखादा विद्यार्थी खेळण्यास पात्र आहे की नाही याचा निवाडा प्रथम विभागाची समिती करते आणि त्यावर राज्यपातळीवर अपील करता येते. प्रारंभीची अनेक दशके या संघटनेची दारे खाजगी शाळांना बंद होती. कॅथलिक शाळांची राज्यपातळीवर आपली वेगळी स्पर्धा होती. १९७२ साली राज्याने कायदा केला आणि खाजगी शाळांना सभासदत्वाचा हक्क मिळाला. आज स्वतंत्र स्पर्धांचा विषय निघाला की या कायद्याकडेच निर्देश होतो. त्याच्यामुळे आपले हात बांधलेले आहेत अशी भूमिका संघटनेने दीर्घकाळ घेतली, आणि म्हणूनच विधेयकांचा खटाटोप. फिलाडेल्फियाची कॅथलिक लीग तर २००८ सालीच राज्य संघटनेत आली. म्हणजे शतकाच्या जवळपास जे नियम आपल्या घरात ठरत होते, ते आता बाहेरच्या सभेत, सर्वांच्या मतांनी ठरू लागले.

मग तक्रार काय? अमेरिकेतील सरकारी शाळेला भौगोलिक सीमा असते. त्या सीमेत राहणारी मुलेच सर्वसाधारणपणे तेथे शिकतात. गावात पाच उंच मुले जन्मली तर बास्केटबॉलचा संघ चांगला. नाही जन्मली तर पुढील पिढीची वाट पाहायची. कॅथलिक शाळेला अशी सीमा नाही. तीस मैलांवरचा मुलगाही शुल्क भरून, वा साहाय्य मिळवून, तेथे येऊ शकतो. खाणी बंद पडलेल्या एखाद्या गावातील शाळा आणि महानगरातील नामवंत कॅथलिक शाळा पटसंख्येनुसार एकाच गटात येतात, परंतु दोघांच्या पटामागचे क्षेत्र सारखे नसते. म्हणूनच तेथे ‘सीमा असलेल्या’ आणि ‘सीमा नसलेल्या’ शाळा अशी विभागणी बोलण्यात रूढ झाली आहे. ती ‘सरकारी’ आणि ‘खाजगी’ या विभागणीपेक्षा अचूकही आहे. कारण सरकारी पैशावर चालणाऱ्या चार्टर शाळांनाही बंदिस्त सीमा नसते आणि त्यांतील काहींचे संघ कॅथलिक शाळांइतकेच बलाढ्य आहेत.

निकाल पाहिले तर तक्रारीला आधार नाही असे म्हणवत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे आपल्याला रग्बीसारख्या भासणाऱ्या त्या खेळाच्या, सर्वांत मोठ्या गटात फिलाडेल्फियाच्या सेंट जोसेफ्स प्रेप या येशूसंघीय शाळेने २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षे राज्य अजिंक्यपद मिळवले. २०२४ साली त्याच गटाचा अंतिम सामना ही शाळा आणि पिट्सबर्गची सेंट्रल कॅथलिक यांच्यात झाला. राज्यभरातील शेकडो सरकारी शाळांपैकी एकही त्या दिवशी मैदानात नव्हती. उलट उदाहरणेही आहेतच. कोबी ब्रायंट लोअर मेरियन या सरकारी शाळेकडून खेळत असताना १९९६ साली त्याच्या संघाने ईरी शहराच्या कॅथीड्रल प्रेप या कॅथलिक शाळेला ४८–४३ असे हरवून राज्य अजिंक्यपद पटकावले. परंतु एका ब्रायंटवरून सर्व शाळांचा हिशेब मांडता येणार नाही.

संघटनेने या दुखण्यावर नियमांचे औषध शोधले आहे. खेळासाठी विद्यार्थ्यांना ओढून आणणे निषिद्ध आहे आणि केवळ खेळाडू म्हणून शिष्यवृत्ती देणेही निषिद्ध आहे. शाळा बदलण्यामागे खेळाचा हेतू कोणत्याही प्रकारे महत्त्वाचा ठरला असे सिद्ध झाल्यास त्या विद्यार्थ्याला वर्षभर त्या खेळात उतरता येत नाही. २०१८ साली यात आणखी कडक कलम आले. दहावीचे वर्ष सुरू झाल्यानंतर शाळा बदलणाऱ्याने, हेतू काहीही असो, एक वर्ष अंतिम स्पर्धांत खेळू नये. त्याच वर्षी फुटबॉल आणि बास्केटबॉलसाठी एक सूत्रही मंजूर झाले. सतत जिंकणाऱ्या आणि बाहेरून आलेले खेळाडू असणाऱ्या संघाला पटसंख्या लहान असली तरी वरच्या गटात खेळावे लागेल, असा त्याचा आशय.

शाळाबदलाचा हा नियम वाचताना आम्हांला राहून राहून दादर आठवले. सचिन तेंडुलकरने वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रम विद्यामंदिरात प्रवेश घेतला तो रमाकांत आचरेकर सरांच्या सल्ल्यावरून, आणि निव्वळ क्रिकेटसाठी. महाराष्ट्राने त्याला गुरूची दूरदृष्टी म्हटले. सचिन तेव्हा लहान वर्गात होता, त्यामुळे पेनसिल्व्हेनियाचा नियमही त्याला लागला नसता. परंतु तोच निर्णय चार वर्षांनी झाला असता, तर तेथील विभागीय समितीने आचरेकर सरांना चौकशीस बोलावले असते. आपण ज्याला कौतुकाने पाहतो त्याला दुसरीकडे नियमभंग म्हणतात.

अशा संघटनांची सत्ता किती, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर टेनेसी राज्यातील ब्रेंटवूड अकॅडमी या खाजगी शाळेने नेला होता. ती शाळा कॅथलिक नव्हे. तिच्या फुटबॉल प्रशिक्षकाने प्रवेश निश्चित झालेल्या मुलांना सरावासाठी पत्र धाडले आणि १९९७ साली राज्य संघटनेने शाळेला दंड व अंतिम स्पर्धांतून बंदी अशी शिक्षा केली. न्यायालयाने २००१ साली पाच विरुद्ध चार मतांनी म्हटले की, ही संघटना नावाला खाजगी असली तरी तिचे वागणे शासनासारखे आहे, म्हणून घटनेची बंधने तिलाही लागू. सहा वर्षांनी, २००७ साली, त्याच वादाचा शेवट मात्र संघटनेच्या बाजूने झाला. स्वेच्छेने सभासद झालेल्या शाळेला विद्यार्थी ओढून आणण्याविरुद्धचा नियम पाळायला लावणे म्हणजे भाषणस्वातंत्र्याचा भंग नव्हे. आम्हांला हे दोन्ही निकाल एकत्र वाचावेसे वाटतात. नियम करणाऱ्यांनी मनमानी करू नये. आणि दार ठोठावून आत आलेल्याने घराच्या रीती मोडू नयेत.

दार ठोठावण्याची पाळी टेक्सासमधील दोन येशूसंघीय शाळांवरही आली होती. २००० साली त्यांची खाजगी लीग विसर्जित झाली, आणि सरकारी शाळांच्या संघटनेत त्यांना प्रवेश मिळाला तो २००३ साली. इतरत्र वेगळ्या वाटा आहेत. मेरीलँडमध्ये सरकारी शाळांची संघटना वेगळीच आहे. न्यूयॉर्कमध्ये कॅथलिक शाळा स्वतःची संघटना चालवतात.

तेव्हा पेनसिल्व्हेनियात जे चालले आहे तो कॅथलिकांचा छळ आहे, असे कोणी म्हणू लागला तर आम्ही त्यास संमती देणार नाही. सीमा नसणे हा खराखुरा लाभ आहे, आणि तो प्रामाणिकपणे मान्य करण्यात कमीपणा नाही. मात्र स्वतंत्र अजिंक्यपद हा त्यावरचा उपाय आम्हांला योग्य वाटत नाही. १९७२ साली मिळालेला हक्क म्हणजे केवळ चषकाचा हक्क नव्हता. कॅथलिक मुले हीसुद्धा याच राज्याची मुले आहेत याची ती मान्यता होती. शिवाय सर्व कॅथलिक शाळा सेंट जोसेफ्स प्रेप नव्हेत. बहुसंख्य शाळा पटसंख्या टिकवण्यासाठीच धडपडत आहेत. फिलाडेल्फियात २०१० साली कार्डिनल डॉहर्टी आणि नॉर्थईस्ट कॅथलिक ही दोन हायस्कुले बंद झाली. २०२१ साली बिशप मॅक्डेव्हिट आणि हॅलाहन ही आणखी दोन. यांतील हॅलाहन ही मुलींसाठीची देशातील पहिली धर्मप्रांतीय हायस्कूल मानली जाई. अंतिम सामन्यातील दोन-चार नावांवरून सर्वांना वेगळ्या दालनात बसवले, तर या लहान शाळांच्या वाट्याला शेजारच्या सरकारी शाळेशी होणारा मोठा सामनाही उरणार नाही.

शाळाबदलाच्या नियमाबद्दल आमचा आक्षेप निराळा आहे. तो लिहिला गेला खेळाडू पळवणाऱ्या प्रशिक्षकासाठी, परंतु शिक्षा भोगतो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. वडिलांची नोकरी गेली, शुल्क झेपेना, म्हणून कॅथलिक शाळा सोडून सरकारी शाळेत गेलेली मुलगीही त्याच कलमात सापडते. अपवाद आहेत. उत्पन्न घटले, कुटुंबाला स्थलांतर करावे लागले, परिस्थिती आवाक्याबाहेरची होती, असे दाखवता आले तर सूट मिळते. पण ते दाखवायचे म्हणजे घरची ओढाताण अनोळखी मंडळींच्या समितीपुढे कागदोपत्री मांडायची. ज्याच्याकडे वकील आहे त्याला हे सोपे जाते. उरलेले मुकाट्याने बाकावर बसतात. नियम सर्वांना सारखा असूनही त्याचा भार सारखा पडत नाही.

येथे मुंबईच्या वाचकांना आम्ही एक गोष्ट सांगू इच्छितो. फेब्रुवारी १९८८ मध्ये तेंडुलकर आणि कांबळी यांनी हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, हे कोणास ठाऊक नाही? पण उन्हात चेंडूमागे धावणारा संघ कोणाचा होता? सेंट झेवियर्स हायस्कूलचा. नोव्हेंबर २०१३ मध्ये रिझवी स्प्रिंगफील्डच्या पृथ्वी शॉने त्याच स्पर्धेत ५४६ धावा केल्या, त्या सेंट फ्रान्सिस डिअसिसी शाळेविरुद्ध. दोन्ही वेळी धावा मोजत उभी राहिली ती कॅथलिक शाळेची मुले. गुणी खेळाडू मोजक्या शाळांत एकवटले की समोरच्याची काय गत होते, हे आपल्या शाळांनी आझाद मैदानावर अनुभवले आहे. पेनसिल्व्हेनियातील खाणकाम करणाऱ्या गावाची तक्रार फिलाडेल्फियाच्या कॅथलिकांपेक्षा कदाचित आपणच लवकर समजू शकू. तरी आपल्या शाळांनी वेगळे हॅरिस शील्ड मागितले नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या कॅथलिक शाळांपाशी एक पाऊल उचलण्याजोगे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही विधेयकाची वाट पाहावी लागत नाही. खेळाडूंना मिळणारे साहाय्य आणि इतर विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य यांचे आकडे, नावे वगळून, दरवर्षी संघटनेपुढे ठेवता येतील. संशय मुख्यतः तेथेच आहे. २००१ पासून त्या राज्यात उद्योगांनी शिष्यवृत्ती-संस्थांना देणगी दिल्यास करात सवलत मिळते, आणि या वाटेने येणाऱ्या पैशाकडे सरकारी शाळांचे पालक अधिकच बारकाईने पाहतात. हिशेब उघडा असेल तर शाळाबदलाचे कलम सैल करण्याची मागणीही शाळांना ताठ मानेने करता येईल.

तोवर शाळा बदलणाऱ्या प्रत्येक मुलाचा अर्ज दोन मुख्याध्यापकांच्या हातून जातो : जी शाळा सोडली तिच्या आणि जी धरली तिच्या. खेळाचा हेतू होता का, या प्रश्नाचे उत्तर जुन्या शाळेने द्यायचे असते. पुष्कळदा ती शाळा कॅथलिक असते, आणि गेलेला मुलगा तिचा उत्तम खेळाडू असतो.