झाडावर चढणाऱ्याचा आधारदोर व त्याची कळ

कोकणातील बागायतीत खताची मात्रा, फवारणीचे वेळापत्रक, फळांची प्रतवारी व पेटीतील मांडणी या सर्व गोष्टींचा गेल्या कित्येक वर्षांत बारकाईने विचार झाला आहे. आंबा देठासह उतरविता यावा म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला तयार केला, आणि फळास डाग पडू नये याची काळजी आज लहान बागायतदारही घेतो. परंतु जो मनुष्य झाडावर चढून ते फळ उतरवितो, त्याच्या कमरेला काय बांधलेले असते, असा प्रश्न केल्यास बहुतेक बागांत उत्तर एकच मिळते : कोयता अडकविण्याची आकडी. तिच्याखेरीज काही नसते.

यावर अनुभवी पाडेल्यांचे म्हणणे असे असते की, दोर म्हणजे लोढणे होय. झावळीपाशी तो सोडावा लागतो, खांदी आली की अडतो, लांब-आखूड करावयास दोन्ही हात गुंततात, आणि झाडामागे ठरलेली मजुरी घेणाऱ्या माणसाचा दिवस त्यातच संपतो. हे म्हणणे अज्ञानाचे आहे असे समजून विस्तार कार्यकर्त्यांनी ते उडवून लावू नये. त्यातील प्रत्येक तक्रार खरी आहे. मात्र ती वाईट दोराविषयीची, किंबहुना ज्या दोराला योग्य कळ नाही अशा दोराविषयीची आहे. गाईच्या दाव्याचा किंवा बैलाच्या कासऱ्याचा तुकडा कमरेभोवती गुंडाळून गाठ मारली, तर ती गाठ वर चढताना सुटत नाही आणि नको तेव्हा सरकते. असा दोर पाडेल्याने दुसऱ्याच झाडापाशी फेकून दिला तर त्यात नवल नाही. म्हणून चांगल्या दोराची किंमत त्याच्या जाडीवरून ठरत नसून तो किती सहज लांब-आखूड होतो यावरून ठरते, हे मत येथे आग्रहाने मांडावयाचे आहे.

प्रथम या साधनाचे काम काय ते स्पष्ट असावे. इंग्रजीत ज्यास लॅनयार्ड म्हणतात त्यास येथे आधारदोर म्हटले आहे. कमरपट्ट्याच्या एका बाजूच्या कडीतून निघून, खोडाला वळसा घालून, तो दुसऱ्या बाजूच्या कडीत येतो. दोन पाय खोडावर व कमर दोरावर टेकली की मनुष्य तीन ठिकाणी स्थिर होतो आणि त्याचे दोन्ही हात कोयत्याला किंवा झेल्याला मोकळे होतात. हा दोर माणसास जागेवर धरून ठेवण्यासाठी आहे. पडणाऱ्या माणसास झेलण्यासाठी तो बनविलेला नाही. हा भेद न समजल्याने अपघात होतात. ७० किलो वजनाचा मनुष्य १ मीटर मोकळा पडला आणि न ताणणाऱ्या दोराने त्याला पुढच्या १० सेंटिमीटरांत थांबविले, तर त्याच्या कमरेवर सरासरी ७७० किलो भाराइतका, म्हणजे त्याच्या वजनाच्या अकरापट हिसका बसतो. असा हिसका दोराने सोसला तरी पाठीचा कणा तो सोसेल याचा भरवसा नाही. सबब आधारदोर नेहमी ताणलेला असावा, खोडावरचा त्याचा वळसा कमरेच्या रेषेत किंवा तिच्या वर असावा, आणि त्यात दोन फुटांहून अधिक ढील कधीही राहू नये. आता, दर पावलागणिक ढील काढावयाची तर कळ चांगली हवी हे ओघानेच आले.

लांबीचा हिशोब बागायतदाराने स्वतः करावा. नारळाचे खोड सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचे धरले आणि मनुष्य खोडापासून ४० सेंटिमीटर मागे टेकला, तर खोडाचा अर्धा घेर ४७ सेंटिमीटर व दोन्ही बाजूंचे मिळून ११० सेंटिमीटर, असा दीड मीटरांवर थोडा अधिक दोर लागतो. जुन्या आंब्याचे खोड १ मीटर व्यासाचे असेल तर याच हिशोबाने ३.४ मीटर होतात. बाजारात पुष्कळदा मिळणारा २ मीटरांचा दोर नारळास पुरतो, परंतु रायवळ आंब्याच्या किंवा फणसाच्या बुंध्याला तो वळसाच घालू शकत नाही. मग चढणारा खालचा भाग दोराविना चढतो व वर गेल्यावर दोर बांधतो. वाईट सवय येथूनच लागते. आंब्यासाठी ४ मीटरांचा दोर घ्यावा. वर खांद्यांत तो आखूड करता येतोच.

दोर कशाचा असावा? सुंभ व काथ्या यांचा विचारच करू नये. बाजारातील रंगीत प्लास्टिकचा म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त असतो, पण उन्हाने त्याचे तंतू ठिसूळ होतात आणि सुमारे १६५ अंश सेल्सिअस उष्णतेस तो वितळतो. खोडाच्या किंवा गाठीच्या घर्षणाने त्यास झळ लागते ती यामुळेच. नायलॉन बळकट आहे, पण भिजला की त्याचे बळ दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होते. पॉलिएस्टर भिजूनही बहुतेक तसाच राहतो आणि ताणतोही कमी. कोकणच्या दमट हवेत ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, आत गाभा व बाहेर विणलेले आवरण असलेला पॉलिएस्टरचा दोर सर्वांत सोयीचा ठरतो. सह्याद्रीत गिर्यारोहण करणाऱ्यांमुळे मुंबई-पुण्याच्या दुकानांत असे दोर सहज मिळतात. दोराच्या टोकाचा फास कारखान्यातच शिवलेला असावा. गाठीमुळे दोराचे बळ एकतृतीयांशापासून निम्म्यापर्यंत घटते, हे अनेकांस माहीत नसते.

पोलादी तारेचा गाभा असलेला आधारदोरही मिळतो. कोयत्याचा किंवा हातकरवतीचा घाव चुकून बसला तर तो एकदम तुटत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु कोकणात माडांच्या शेंड्यांतून विजेच्या तारा गेलेल्या आढळतात, आणि तेथे तारेचा गाभा म्हणजे प्रत्यक्ष संकट होय. वीजवाहिनीजवळच्या झाडावर कोणताही दोर घेऊन चढू नये, प्रवाह बंद करून घ्यावा. यंत्रकरवतीपुढे तारेचा गाभाही टिकेल असे समजू नये. छाटणी करावयाची असेल तर कापताना दोन आधारदोर दोन वेगळ्या ठिकाणी बांधावे, हाच सुरक्षित मार्ग आहे.

आता कळीकडे वळू. दोर लांब-आखूड करणारी साधने मुख्यतः तीन प्रकारची आहेत.

पहिली म्हणजे दोरीची घर्षणगाठ. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली व त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी गाठ ही यांत सर्वांत सोपी. १२ मिलिमीटरच्या दोरावर ८ मिलिमीटरच्या दोरीचे तीन दुहेरी वेढे, म्हणजे डोळ्यांस सहा वेढे दिसतील असे, एकमेकांवर न चढता नीट बसवावे लागतात. भार आला की ही गाठ आवळते, भार काढला की हाताने सरकते. खर्च जवळजवळ नाहीच. दोष एवढाच की, भार अंगावर असताना ती सैल करता येत नाही, आणि गुळगुळीत किंवा चिकाने माखलेल्या दोरावर ती घसरू शकते. जाड दोरावर तितकीच जाड दोरी बांधली तर ती धरतच नाही. पुष्कळांची फसगत होते ती येथे.

दुसरा प्रकार दातेरी कळीचा. दोर ओढला की तो येतो, उलट जात नाही. एका हाताने आखूड करणे यात अतिशय सुलभ. परंतु अंगावरचा भार काढल्याशिवाय दोर सोडता येत नाही, मोठा हिसका बसल्यास दाते दोराचे आवरण फाडतात, आणि आंब्याचा चीक, शेवाळ व चिखल दात्यांत भरला की पकड ढिली होते. बागेतील कामास हा प्रकार शिफारस करण्याजोगा वाटत नाही.

तिसरा प्रकार गुळगुळीत पकडीचा व खटक्याचा. एका हाताने दोर ओढून आखूड होतो आणि खटका हळूहळू दाबला की अंगावर भार असतानाच तो सावकाश सुटतो. महाग आहे खरा. पण दुपारी, हात थकले असताना, हापूसच्या खांदीवर उभा असलेला मनुष्य चार फळे डाव्या बाजूस एक हात दूर पाहतो, तेव्हा काय घडते याची कल्पना करावी. दोर भाराखाली सुटत नसेल तर त्याला खोडाकडे झुकून, पायांवर भार घेऊन, दोर सैल करून पुन्हा मागे यावे लागते. दिवसातून पन्नास वेळा हे करण्यापेक्षा तो एक कडी सोडून देतो व हात लांबवितो. ज्या कळीमुळे त्याला कडी सोडण्याचा मोहच होत नाही, ती कळ महाग म्हणता येत नाही. या कळीचाही एक धोका सांगितला पाहिजे. घाबरलेला मनुष्य हातातील वस्तू घट्ट आवळतो, आणि खटका आवळला तर दोर सुटतो. म्हणून हात काढताच आपोआप थांबते अशीच कळ घ्यावी, तिच्यावर लिहिलेल्या जाडीचाच दोर वापरावा, दोराच्या मोकळ्या टोकास अडविणारी शिवण किंवा गाठ अवश्य असावी, आणि जमिनीवर सराव झाल्याखेरीज ती वर नेऊ नये.

तात्पर्याने नव्हे तर व्यवहाराने पाहता निवड अशी पडते. माडाच्या खोडाची जाडी वरपर्यंत फारशी बदलत नाही, तेव्हा तेथे नीट शिकलेली प्रुसिकची गाठ पुरेशी आहे. आंबा, फणस व जुनी कलमे यांसाठी खटक्याची कळ घ्यावी. पोफळीचा प्रश्न निराळा आहे. तेथे चढणारा एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरी पकडतो, व त्या क्षणी कोणताही आधारदोर निरुपयोगी असतो. कर्नाटकात सुपारी काढण्यासाठी कार्बन तंतूंच्या हलक्या लांब काठ्या वापरात आल्या आहेत. पोफळीवर दोर सुधारत बसण्यापेक्षा जमिनीवरून काढणीचा हा मार्ग अधिक शहाणपणाचा.

माडाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्यास खांद्या नाहीत. पाय घसरला तर साधा वळसा खोडावरून खाली घसरत येतो व त्यासह मनुष्यही. दोर खोडाभोवती दोनदा गुंडाळल्यास तो भाराने आवळतो व घसरण थांबते. शेंड्याजवळ काम करताना हा दुहेरी वळसा चुकवू नये. झावळ्या ओलांडताना पहिला दोर सोडण्यापूर्वी दुसरा बांधलेला असावा. अर्थात दोन दोर हवेत. नारळ विकास मंडळाने २०११ पासून केरळात तरुणांस यंत्राने माडावर चढण्याचे शिक्षण देण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यामुळे चेंबेरी जोसेफ यांच्या नावाचे शिडीयंत्र सर्वत्र परिचित झाले. हे यंत्र खोड धरते, पाय उचलते, श्रम वाचविते. परंतु कमर धरावयास निराळा पट्टा लागतो. यंत्र घेतले म्हणजे दोर नको, ही समजूत चुकीची आहे.

पट्टा घेताना पाठीकडे रुंद, दोन्ही बाजूंस कड्या व मांड्यांभोवतीही पट्टे असलेला घ्यावा. नुसता कमरपट्टा भार आल्यावर बरगड्यांखाली सरकतो व श्वास कोंडतो. पट्ट्यावर आय. एस. ३५२१ किंवा ई. एन. ३५८ या मानकांची खूण पाहावी. कॅराबिनर आपोआप बंद होणारे व कुलूप बसणारे असावे. चावीच्या जुडग्यास लावावयाच्या शोभेच्या कड्या दुकानात तशाच दिसतात, त्यांच्यावर माणसाचा जीव टांगू नये.

हा खर्च कोणी करावा, याविषयी मतभेद नसावा. फवारणी पंप बागायतदार विकत घेतो, झेला घेतो, पेट्या घेतो. मग पट्टा व दोर तेवढे मजुराने आणावे, हा न्याय कोणता? रत्नागिरीच्या बागांत हंगामात नेपाळमधून आलेली माणसे काम करतात. हंगामापुरत्या आलेल्या गड्याकडून अशा साधनाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. लहान बागायतदारांस एकेकट्यास ते परवडत नसेल तर सहकारी सोसायटीने दोन संच ठेवून भाड्याने द्यावेत. मळणीयंत्र भाड्याने देता येते, तर हेही देता येते.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्य शासनाची जी अपघात सुरक्षा योजना २०२३ पासून सानुग्रह अनुदानाच्या रूपाने चालते, तीत खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्या अपघाती मृत्यूस २ लाख रुपये मिळतात. ज्या पाडेल्याच्या नावे सातबारा नाही, त्याच्या घरच्यांस यातून काही मिळत नाही. नारळ विकास मंडळाने माडावर चढणाऱ्यांसाठी केरा सुरक्षा हा अपघात विमा काढला आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील पाडेल्यांची यादी करून त्यांची चौकशी या विम्याच्या दिशेने वळवावी.

प्रात्यक्षिक घ्यावयाचे ते सभागृहात न घेता बागेत, पाडेल्यांच्याच समक्ष व शक्य तर त्यांच्यातील ज्येष्ठाच्या हातून घ्यावे. हंगामापूर्वी प्रत्येकाने पट्टा बांधून, जमिनीपासून फूटभर उंचीवर, पाय खोडास लावून पूर्ण भार दोरावर टाकावा, कळ दहा वेळा लांब-आखूड करावी, मग दोर बोटांतून सबंध फिरवून कोठे चीर, कडकपणा किंवा वितळलेला चट्टा लागतो का ते चाचपावे. असा चट्टा लागला तर तो दोर गोठ्यातही ठेवू नये. त्याचे तुकडे करावे, म्हणजे पुढच्या वर्षी घाईत कोणी तो पुन्हा खुंटीवरून काढणार नाही.