गाठीतला जीवाणू कोणाचा?

पावसाने जोर धरला की हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडे सोयाबीनची पेरणी सुरू होते आणि बियाण्याला रायझोबियम चोळले जाते. दीडेक महिन्याने झाड उपटायचे, मुळावरची गाठ कापायची, आत लालसर दिसले की बीजप्रक्रिया साधली अशी नोंद करायची. या नोंदीवर आमचा आक्षेप आहे. तो रंग नत्र स्थिरीकरण चालू असल्याचे सांगतो. ते पाकिटातला जीवाणू करतो आहे की रानातला, हे त्यातून कळत नाही.

रानातला जीवाणू दुबळा नसतो. अप्पुनू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशाच्या पाच कृषी-हवामान विभागांतल्या सोयाबीनच्या गाठींतून वेगळे केलेले ५० जीवाणू तपासले होते. ३६ टक्के ब्रॅडीरायझोबियम युआनमिंगेन्स निघाले, २६ टक्के लियाओनिंगेन्स. उरलेले ३८ टक्के तोवर वर्णन झालेल्या एकाही प्रजातीत बसेनात. सोयाबीन म्हटले की आपण ज्याचे नाव घेतो तो जपोनिकम त्यात नव्हताच! शिवाय लियाओनिंगेन्स आणि या अनामिक गटाची सहजीवनाची जनुके एकाच घडणीची होती. म्हणजे नॉड-सीसारखे नुसते सहजीवनाचे जनुक पाहून स्ट्रेन ओळखायला जाणारा हमखास फसणार. १६एस आरआरएनए जनुकाचीही तीच गत, कारण या कुळात ते फार सारखे असते. १६एस आणि २३एस यांच्यामधला पट्टा अधिक बारीक भेद दाखवतो. रेक-ए, जीएलएन-२ या जनुकांचे क्रम वाचले तर परभणीचा निकाल पुण्याच्या निकालाशी थेट ताडता येतो.

रोजच्या कामाला मात्र बॉक्स-पीसीआर पुरते. एक प्राइमर, एक जेल, आणि त्यावरच्या पट्ट्यांची नक्षी हाच स्ट्रेनचा ठसा. एन्झाइम किंवा यंत्र बदलले की पट्टे हलतात, म्हणून प्रत्येक जेलवर मूळ कल्चर धावलेच पाहिजे. गाठीतून वेगळ्या केलेल्या ब्रॅडीरायझोबियमची वसाहत दिसायला पाच-सात दिवस लागतात. तेवढा धीर धरावा. गाठ चिरडून थेट पीसीआर केले तर सोयाबीनचाच डीएनए मध्ये येतो.

खत नियंत्रण आदेशात २००६ साली जीवाणू खते आली. वाहकात ग्रॅममागे पाच कोटी पेशी, द्रवात मिलिलिटरमागे दहा कोटी, भेसळ नको, सामू ठरलेला, गाठी धरण्याची क्षमता हवी. हे सारे आवश्यकच आहे. पण वारंवार उपसंवर्धन करताना एका ब्रॅडीरायझोबियमच्या जागी दुसरा शिरला, तर पेशींची संख्या तो बदल पकडणार नाही.

म्हणून तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र असो की परभणीचे विद्यापीठ, प्रात्यक्षिकात बीजप्रक्रिया न केलेला पट्टा ठेवावा आणि दोन्ही पट्ट्यांतल्या किमान वीस-वीस गाठींचे ठसे घ्यावेत. रानातलाच जिंकत असेल तर त्यांतला सरस निवडून त्याचेच संवर्धक करावे. उत्पादकांनी मूळ कल्चर मऊ येथील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात ठेवावे आणि त्याचा ठसा येत्या खरिपाआधी आपल्या प्रयोगशाळेत तयार ठेवावा.