वेगळी चूल मांडण्याचे स्वातंत्र्य

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या चळवळीने ‘स्वातंत्र्य’ या शब्दाची जितकी काटेकोर व्याख्या केली, तितकी विसाव्या शतकातील फार थोड्या चळवळींना करता आली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये त्या प्रकल्पाचा सार्वजनिक परवाना प्रथम प्रसिद्ध झाला. आज्ञावली हव्या त्या हेतूने वापरावी, तिची मूळ संहिता अभ्यासावी व बदलावी, तिच्या प्रती इतरांना द्याव्यात आणि स्वतः सुधारलेली प्रतही द्यावी, हे चार अधिकार या विचाराने वापरणाऱ्याच्या हाती दिले. एक प्रश्न मात्र परवान्याच्या कक्षेबाहेर राहिला. अनेकांनी मिळून लिहिलेल्या संहितेत कोणता बदल स्वीकारावयाचा व कोणता नाकारावयाचा, हे कोणी ठरवावयाचे? याविषयी परवाना मौन पाळतो. हे मौन म्हणजे तंत्रज्ञांच्या घरातील खाजगी बाब, असे समजून भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी स्वस्थ बसणे योग्य नाही. आपल्या भाषांतील मजकूर आज ज्या साधनांनी लिहिला, साठवला आणि शोधला जातो, त्यांपैकी पुष्कळशी साधने अशाच सामुदायिक प्रकल्पांतून निर्माण झाली आहेत.

वास्तविक साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न ओळखीचा असावयास हवा. हस्तलिखितांच्या परंपरेत नक्कल करणारा प्रत्येक लेखनिक काही प्रमाणात संपादकही असे. त्याने घातलेली ओवी पुढच्या प्रतीत मूळची म्हणून वाचली जाई. ज्ञानेश्वरीच्या पाठात असे अपपाठ वाढले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी त्यात भर घालू नये, असे बजावले. हा निर्णय समाजाने मानला तो एकनाथांच्या नैतिक अधिकारामुळे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती निराळ्या पायावर उभी आहे. तेथे अधिकार पद्धतीचा आहे. पाठ का स्वीकारला याचे नियम आधी सांगितलेले आहेत आणि नाकारलेले पाठ तळटीपांत वाचकासमोर मांडलेले आहेत. मुक्तस्रोत प्रकल्पांचा आरंभ बहुधा पहिल्या प्रकारच्या अधिकाराने होतो. संस्थापकाला ‘दयाळू आजीव हुकूमशहा’ म्हणण्याची त्या वर्तुळात अर्धवट विनोदाची प्रथाच आहे. प्रकल्प वाढला, संस्थापक थकला किंवा पैसा आला, की दुसऱ्या प्रकारच्या अधिकाराची गरज भासू लागते. आणि नेमकी तेथेच भांडणे सुरू होतात.

या भांडणांवर चळवळीजवळ एक ठरलेले उत्तर आहे: ‘पटत नसेल तर संहितेची प्रत घ्या आणि वेगळी चूल मांडा.’ हा अधिकार खराच मोलाचा आहे. स्पॅनिश विकिपीडियावर काम करणाऱ्या काही स्वयंसेवकांना पुढेमागे जाहिराती येतील अशी भीती वाटली, तेव्हा २००२ मध्ये त्यांनी सर्व मजकूर घेऊन सेव्हिल येथे स्वतंत्र ज्ञानकोश सुरू केला. ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरची मालकी ओरॅकल कंपनीकडे गेल्यावर सप्टेंबर २०१० मध्ये त्याच्या अनेक कर्त्यांनी लिब्रेऑफिस हे नवे बिऱ्हाड थाटले, स्वतःचे प्रतिष्ठान स्थापन केले, आणि नवे घरच मोठे झाले. अशी उदाहरणे दाखवून सांगितले जाते, की बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा असल्याने आतील कारभाराची चिंता करण्याचे कारण नाही.

माझे म्हणणे असे, की हा युक्तिवाद मोठ्या भाषांच्या आणि मोठ्या भांडवलाच्या जगात निम्मा खरा आहे आणि मराठी, कन्नड, मल्याळम यांसारख्या भाषांच्या जगात जवळजवळ पोकळ आहे. वेगळी चूल मांडावयास सरपण लागते. आपल्या भाषांत बोलणारे कोट्यवधी असले, तरी मुद्रिते तपासणारे, पारिभाषिक शब्द ठरविणारे, कळफलक आणि टंक यांची संहिता समजणारे कार्यकर्ते मूठभरच आहेत. त्यांच्यात फूट पडली की दोन संसार उभे राहत नाहीत. बहुधा एकही धड चालत नाही. म्हणून ज्यांना बाहेर जाणे परवडत नाही, त्यांना आत बोलण्याचा अधिकार अधिक हवा.

बंगळूरच्या गेल्या पाव शतकाच्या अनुभवाकडे या दृष्टीने पाहावे. २००१ मध्ये ‘लिनक्स बंगळूर’ या नावाने सुरू झालेले आणि २००५ पासून ‘फॉस डॉट इन’ म्हणून ओळखले गेलेले संमेलन २०१२ पर्यंत या शहरात भरत होते. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी ही अभ्यास-संस्था येथे २००८ मध्ये स्थापन झाली. जानेवारी २०११ मध्ये विकिमीडियाच्या भारतीय शाखेची संस्था म्हणून नोंदणी झाली तीही बंगळुरातच. विकिपीडिया हा ज्ञानकोश आणि तो ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर, दोन्ही मुक्त परवान्यांखाली आहेत. आणि २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासह भारतातील बहुतेक प्रमुख भाषांचे ज्ञानकोश याच यंत्रणेवर उभे आहेत. त्यामुळे या शाखेचा इतिहास हा आपल्या भाषांतील सामुदायिक कारभाराचाही इतिहास आहे.

भारतीय शाखा ही सभासदांची संस्था होती; तिची कार्यकारिणी निवडणुकीने येत असे. २०१२ मध्ये मात्र अमेरिकेतील विकिमीडिया प्रतिष्ठानाच्या अनुदानातून भारतीय भाषांसाठीचा ‘अ‍ॅक्सेस टू नॉलेज’ हा कार्यक्रम वर उल्लेखिलेल्या अभ्यास-संस्थेकडे सोपविण्यात आला. एकाच शहरात दोन केंद्रे झाली. एकाकडे सभासद होते, पण परदेशी निधी स्वीकारण्याच्या वाटेत कायद्याच्या अडचणी होत्या. दुसऱ्याकडे निधी आणि पगारी मनुष्यबळ होते, पण ज्यांच्यासाठी काम करावयाचे ते लेखक तिचे मतदार नव्हते. या कार्यक्रमाने भारतीय भाषांसाठी पुष्कळ उपयुक्त काम केले आहे, हे मान्यच करावयास हवे. प्रश्न कामाच्या गुणवत्तेचा नाही, उत्तरदायित्वाच्या दिशेचा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये प्रतिष्ठानाने भारतीय शाखेची मान्यता काढून घेतली. करारातील जबाबदाऱ्या पुऱ्या न होणे आणि निधी घेण्यासाठी लागणारी कायदेशीर मान्यता न मिळणे, ही त्यामागची कारणे होती. ती कारणे खोटी नव्हती. तथापि एका भारतीय संस्थेचे अस्तित्व ज्या मान्यतेवर अवलंबून होते, ती काढून घेण्याचा अधिकार तिच्या सभासदांकडे नव्हता, दुसऱ्या खंडातील प्रतिष्ठानाकडे होता. मजकूर सर्वांचा आणि निर्णय मोजक्यांचा, ही स्थिती परवान्याच्या एकाही कलमाचा भंग न करता निर्माण होऊ शकते, हे येथे स्पष्ट दिसते.

असाच धडा त्याआधी पुण्याने दिला होता. २०११ मध्ये प्रतिष्ठानाने पुण्यातील काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा प्रयोग केला. पुष्कळ विद्यार्थ्यांनी अन्यत्र छापलेला मजकूर जसाच्या तसा उतरवला. तो शोधून काढण्याचे ओझे ज्या स्वयंसेवकांवर पडले, त्यांचा या योजनेच्या आखणीत फारसा वाटा नव्हता. अखेर प्रयोग आवरता घ्यावा लागला. उसनवारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्याला निस्तरावे लागते त्याला आधी विचारावे, हा साधा संसारी नियम पाळला असता तर बरेच टळले असते.

हे केवळ आपल्याच वाट्याला येते असेही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये चित्रे दाखविण्याच्या एका नव्या सोयीवरून जर्मन विकिपीडियाचा समुदाय आणि प्रतिष्ठान यांच्यात संघर्ष झाला, तेव्हा समुदायाने निवडलेल्या प्रचालकांनाही बदल करता येऊ नये म्हणून प्रतिष्ठानाने सॉफ्टवेअरमध्येच एक नवे कुलूप बसविले. जर्मन समुदाय मोठा आणि संघटित होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते कुलूप काढले गेले. २०२४ मध्ये संपूर्ण चळवळीसाठी तयार केलेल्या सनदेवर मतदान झाले. व्यक्तिगत मतदारांचे बहुमत अनुकूल पडले, संलग्न संस्थांचेही पडले. परंतु विश्वस्त मंडळाने प्रतिकूल मत दिले आणि सनद संमत झाली नाही. सनदेच्या मसुद्यात उणिवा असतीलही. परंतु आपल्या अधिकाराच्या मर्यादा ठरविणाऱ्या दस्तऐवजावर नकाराधिकार त्या अधिकाऱ्यांच्याच हाती असावा, ही रचना राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारात पाडील.

आणि काही ठिकाणी तर वेगळी चूल मांडण्याची मुळीच सोय नसते. लिपीच्या प्रत्येक अक्षराला सांकेतिक क्रमांक देणारे युनिकोड हे मानक मुक्त आणि बंदिस्त अशा सर्व सॉफ्टवेअरच्या मुळाशी आहे. त्याच्या तांत्रिक समितीत पूर्ण मताचा अधिकार वर्गणी भरणाऱ्या सभासद-संस्थांना असतो, आणि एकदा दिलेला क्रमांक कधीही काढून घेतला जात नाही. मल्याळममधील ‘चिल्लु’ अक्षरांना स्वतंत्र क्रमांक द्यावेत की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. ‘स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग’ या २००२ पासूनच्या स्वयंसेवी गटाचा त्यास विरोध होता. २००८ मध्ये ते क्रमांक मानकात आले आणि एकच शब्द दोन प्रकारे साठवलेला आढळू लागला. मराठीच्या अभ्यासकाने या विकाराची आपल्या घरची लक्षणे तपासून पाहावीत. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील अर्थभेद ज्या अर्ध्या र-वर आधारलेला आहे, तो र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो: दक्षिणी लिप्यांतील कठोर र-साठी असलेल्या ‘ऱ’ या अक्षराने, किंवा साध्या र-ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाचा साधा शोध घेतला असता दुसरा सापडत नाही. शब्दसूची करणाऱ्या संशोधकाच्या हाती मग अपुरी सूची येते, आणि ती अपुरी आहे हेही त्याला कळत नाही. अशा निर्णयांच्या वेळी भाषेचे जाणकार कोठे होते, हा प्रश्न जितका समितीला विचारावयाचा, तितकाच तो विद्यापीठांनाही विचारावयास हवा.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की सॉफ्टवेअर मतदानाने लिहिले जात नाही. जो काम करतो त्याचाच शब्द चालला पाहिजे. यात तथ्य आहे, पण ते घटनेच्या विरोधात जात नाही. डेबियन प्रकल्पाने १९९८ मध्येच लेखी घटना स्वीकारली आणि त्याचे काम थांबले नाही. पायथॉन या संगणकभाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम एका तांत्रिक वादानंतर जुलै २०१८ मध्ये निर्णयाधिकारातून निवृत्त झाले. त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक पर्यायांवर मत घेऊन निवडून आलेल्या पाच जणांच्या मंडळाची पद्धत स्वीकारली, आणि भाषा पूर्वीप्रमाणेच वाढत राहिली. शिवाय ‘काम’ म्हणजे केवळ आज्ञावली लिहिणे नव्हे. मुद्रित तपासणारी आणि प्रतिशब्द घडविणारी व्यक्तीही कामच करीत असते, आणि भारतीय भाषांच्या प्रकल्पांत बहुतेक काम याच जातीचे असते.

दुसरा आक्षेप अधिक घरचा आहे. मराठी साहित्यसंस्थांना घटना आहेत, तरी तेथे गटबाजी काय कमी आहे? आक्षेप मार्मिक आहे. परंतु अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने संमेलनाध्यक्षाची निवडणूक बंद करून एकमताने निवड करण्याचा निर्णय २०१८ मध्ये घेतला, तो घटनादुरुस्ती करून घेतला. तो निर्णय कोणाला पटो वा न पटो, तो कोणी, कोणत्या सभेत आणि कोणत्या नियमाने घेतला हे विचारता येते, आणि उद्या त्याच मार्गाने तो बदलताही येतो. घटना भांडणे मिटवीत नाही. भांडणाला बसावयास जागा देते. जेथे अशी जागा नसते तेथे भांडण व्यक्तींच्या अंगावर जाते, आणि थकलेला कार्यकर्ता एक दिवस काही न बोलता निघून जातो. छोट्या भाषिक समुदायाला हेच नुकसान सर्वांत जड जाते.

तेव्हा विद्यापीठांतील भाषाविभागांनी कोश, विकिस्रोत, टंक किंवा वर्णसंकेत यांच्या एखाद्या सामुदायिक प्रकल्पाशी नाते जोडण्यापूर्वी परवान्याबरोबर घटनाही मागावी. सभासद कोण, मताचा अधिकार कोणत्या कामाने मिळतो, निधीचा हिशेब कोणासमोर ठेवला जातो, नाकारलेल्या सूचनेची कारणे त्या भाषेत लिहून जतन होतात की नाही, आणि संकेतस्थळाच्या व साठ्याच्या किल्ल्या एका व्यक्तीच्या पश्चात कोणाकडे जातात, एवढे पाच प्रश्न पुरेत. यांची उत्तरे नसतील तर ती तयार करण्याच्या कामात विभागाने स्वतः हात घालावा, कारण बाहेर उभे राहून मागितलेल्या घटनेला फारसा अर्थ नसतो. महाभारताच्या संपादकांनी नाकारलेले पाठही पिढ्यान्‌पिढ्यांसाठी जपून ठेवले. आपल्या भाषांच्या संगणकीय संहितेचे निर्णय करणाऱ्यांकडून निदान तेवढी अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि तो मागणे हे आता साहित्याभ्यासाचेच काम आहे.